मडकं पुन्हा आव्यात

नांदेडहून निघालेली गाडी अर्धापूर मागे टाकून वारंगा फाट्याला येते. सरळ गेलं की हदगाव, उमरखेड, यवतमाळ आणि शेवटी नागपूर. वळलं की आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली. हिंगोलीच्या एका अंगाला नरसी, म्हणजे नामदेवांचं गाव, आणि दुसऱ्या अंगाला औंढा नागनाथ. दोन्ही ठिकाणांना जोडणारी एक गोष्ट या भागातल्या पोराबाळांनाही पाठ असते.

संतांची मंडळी जमली होती. मुक्ताबाईने तेरच्या गोरोबांना सांगितलं, काका, तुमच्या थापटण्याने यातली मडकी कच्ची कोणती आणि पक्की कोणती ते पाहा. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले. निकाल लागला: हे मडकं कच्चं. ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला म्हणतात, जो देवाशी रोज बोलतो, तो कच्चा! नामदेव रडत पंढरीला गेले, तर देवानेच त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी त्यांचे पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत, तर तिथेही पिंडी. नामदेवांची दुसरी जाग ती इथली.

याच औंढ्याशी आणखी एक दंतकथा चिकटलेली आहे. तीत नामदेव आधी वाटमारी करत. त्यांच्या हातून ८४ घोडेस्वार मेले, त्यातल्या एकाच्या विधवेचा आक्रोश देवळात कानावर पडला आणि त्यांनी स्वतःच्याच डोक्यात सुरी मारून घेतली. अनेक अभ्यासक ही कथा खरी मानत नाहीत, तिला आधार असलेला अभंगही नामदेवांचा मानत नाहीत, आणि ते योग्यच दिसतं. तरीही ती टिकली. लोकांना पापाचं ओझं टाकून उठलेला माणूस आवडतो, एवढं त्यातून कळतं. पण खरी धारदार गोष्ट पहिलीच आहे. पापी माणूस सुधारला तर त्यात नवल काय? भक्त म्हणून नावाजलेला माणूस कच्चा निघतो आणि पुन्हा आव्यात जातो, हे अवघड.

मराठी ख्रिस्ती पुरुषांच्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा घडली. तीही ज्या माणसाच्या बाबतीत घडली, तो बाप्तिस्मा घेऊन बावीस वर्षं झालेला, दीक्षित पाळक, महाराष्ट्राचा लाडका कवी होता. त्याच्याकडे येण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत प्रथम आली ती गोव्यात. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि ते १६१६ साली छापून निघालं. सुमारे ११ हजार ओव्यांचं हे काम. देशावर मात्र मिशनरी पोचले ते दोन शतकांनी. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईला उतरली आणि १८३१ साली अहमदनगरला त्यांनी ठाणं मांडलं. मराठवाडा तेव्हा निजामाचा. हिंगोलीला आणि जालन्याला फौजेच्या छावण्या होत्या. जालन्यात काम उभं केलं ते एका मराठी माणसानेच. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडून घरी परत आला, तर त्याला शुद्ध करून घ्यावं की नाही यावर मुंबई-पुण्याच्या शास्त्र्यांत रणं पेटली. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. श्रीपतवरून एवढा गदारोळ झाला, नारायण मात्र शांतपणे पुढे निघून गेले. जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ नावाचं गाव वसवलं, जमीन निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या राज्यकारभाराकडून मिळाली आणि वस्तीला आले ते मुख्यतः मातंग आणि महार समाजातले लोक.

इथे ‘पाप’ या शब्दापाशी थांबायला हवं, कारण उपदेशकाच्या तोंडचा हा शब्द सगळ्यांच्या कानांत सारखा पडत नव्हता.

गावकुसाबाहेरच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितलं गेलं होतं, की तुझा हा जन्मच मागच्या जन्मीच्या पापाचं फळ आहे. चोखोबांसारख्या थोर संताच्या वाणीतही ती समजूत डोकावते. अशा माणसाला कोणी म्हणालं, की तुझ्या पापाची क्षमा झाली, हिशेब मिटला, तर तो फक्त मनातला डाग धुतला असं ऐकत नाही. आपल्या जन्मावरचाच बोजा उतरला, असं त्याला वाटतं. नगर आणि जालना भागातल्या खेड्यांत शाळामास्तर, उपदेशक, पाळक म्हणून उभे राहिलेले पुरुष या अर्थाने मोकळे झाले होते. नुसत्या धान्यासाठी लोक बाटले, असं म्हणणाऱ्यांना ही बाजू दिसलीच नाही. दुष्काळात धान्य मिळालं हे खरं आहे, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येतानाही जात मागोमाग आत शिरली हेही खरं आहे. पण त्याने ही मोकळीक खोटी ठरत नाही.

ब्राह्मण आणि इतर शिकलेल्या घरांतून आलेल्यांचं दुखणं निराळं. बेळगावचे बाबा पदमनजी हे त्वष्टा कासार. जातिभेद मोडण्यासाठी गुपचूप जमणाऱ्या परमहंस सभेत ते होते. तिथे पाव खाऊन जात मोडली जाई. पाव खाल्ला तरी मन काही सुटलं नाही. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी लिहिली आणि म्हातारपणाकडे झुकताना ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. मराठी गद्यात एका पुरुषाने स्वतःच्या मनाची झाडाझडती एवढ्या सविस्तर घ्यावी, हे तोवर फारसं झालेलंच नव्हतं. दुसरे नीळकंठशास्त्री गोऱ्हे. काशीत वाढलेले चित्पावन पंडित ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. नेहेम्या हे नवं नाव घेतलं, षड्दर्शनांचं खंडन करणारा ग्रंथ लिहिला, पण शंका त्यांना शेवटपर्यंत सोडून गेल्या नाहीत. फकिरासारखे राहिले, स्वतःला सतत कमी लेखत राहिले. पापमुक्ती मिळाली, पण आनंद मिळाला की नाही, असा प्रश्न गोऱ्हेंचं चरित्र वाचताना पडतो.

आनंदाला सूर लागतो. आणि सूर मिशनऱ्यांकडे होता तो ऑर्गनचा.

नगरच्या देवळात, म्हणजे ख्रिस्ती लोकही ज्याला देऊळच म्हणत त्या प्रार्थनामंदिरात, सुरुवातीला विलायती चालींवर बसवलेली मराठी गीतं म्हणत. अक्षरं मराठी, ओढाताण इंग्रजी. ऱ्हस्व जागी दीर्घ, दीर्घ जागी ऱ्हस्व. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बदलू लागलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी पदं रचली आणि ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टाळ आले, मृदंग आला, पूर्वरंग-उत्तररंग आले. काही मिशनऱ्यांना वाटलं, हे मूर्तिपूजकांचं सोंग आत आणणं झालं. काहींनी मात्र मान डोलावली, कारण रस्त्यावरच्या व्याख्यानाला जमत नव्हती तेवढी गर्दी कीर्तनाला जमू लागली. आणि कीर्तनाला विषय तरी किती जुळणारे! बापाच्या मालमत्तेचा वाटा घेऊन उधळणारा आणि शेवटी डुकरांच्या शेंगांवर नजर ठेवणारा उधळ्या पुत्र. लोकांकडून लुबाडलेलं चौपट करून परत देणारा जकातदार जक्कय. ज्याने मंडळीचा छळ केला तोच तिचा प्रचारक झालेला पौल. ही सगळी पुरुषांचीच आख्यानं आहेत, पश्चात्तापाची. हरदासाला याहून काय हवं? वाल्या कोळ्याच्या कथेला सरावलेल्या श्रोत्याला नवीन नाव तेवढं लक्षात ठेवावं लागे.

आता नारायण वामन टिळक.

कोकणातल्या करजगावी १८६१ साली त्यांचा जन्म झाला. वडील कडक, आई हळवी. नाशकात गणेशशास्त्री लेल्यांकडे ते संस्कृत शिकले. जलालपूरच्या गोखल्यांची अकरा वर्षांची मनू लक्ष्मी होऊन त्यांच्या घरी आली. टिळकांना एका गावात, एका नोकरीत चैन नसे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी संस्कृत काव्यावरून गप्पा झाल्या. उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांनी निव्वळ भिडेपोटी पुस्तक वाचायला घेतलं. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत भेंडीबाजारातल्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या साहेबाकडून नको, देशी माणसाच्या हातून हवा असा त्यांचा आग्रह होता, म्हणून तो रेव्हरंड तुकाराम नाथोजी यांनी दिला. तुकारामाच्याच हातून! तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं टिळक पुढे सांगत.

या सगळ्यात लक्ष्मीबाई मागे राहिल्या, लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन, चारपाच वर्षं. नवऱ्याने पाप सोडलं म्हणजे काय सोडलं, तर बायकोच्या दृष्टीने त्याने घर सोडलं. नंतर त्या नगरला आल्या, तेव्हाही आपली चूल वेगळी मांडून राहिल्या. टिळकांनी त्यांना बाप्तिस्म्यासाठी कधी रेटलं नाही. १९०० साली त्यांनी आपल्या पायांनी जाऊन तो घेतला. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्यांना हे ठाऊक आहे, आणि न वाचलेल्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ते पुस्तक हातात घ्यावं.

‘स्मृतिचित्रे’चा मोठेपणा असा, की त्यात संत टिळक नाहीत, नवरा टिळक आहेत. तापट. आज शब्दाने तोडतील, उद्या पाया पडायलाही मागेपुढे पाहणार नाहीत. हातात पैसा टिकणार नाही, समोर गरजू दिसला की दिला. दुष्काळातली पोरकी मुलं घरात आणून ठेवली, पोसायची कशी हे लक्ष्मीबाईंनी पाहायचं. बाप्तिस्म्याच्या पाण्याने स्वभाव धुतला जात नाही, हे या पुस्तकाइतकं स्वच्छ कुठल्या धर्मोपदेशकाने सांगितलेलं नाही. आणि टिळकांनाही ते कळत होतं. आपल्या रागावर ते सतत कष्टी होत.

१९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि नेमणूक झाली राहुरीला. हा योगायोग मोठा गमतीचा आहे. राहुरी तालुक्यातलंच ताहराबाद हे महिपतीबुवांचं गाव. नामदेव, गोरोबा, विसोबा यांच्या कथा ज्या पोथीने घराघरांत नेल्या, ती ‘भक्तविजय’ याच महिपतीने १७६२ साली पुरी केली. म्हणजे नरसी-औंढ्याची गोष्ट ज्या गावातून महाराष्ट्रभर पसरली, त्याच्या शेजारी टिळक बसून ख्रिस्ती अभंग रचत होते. योगायोगाला शेपूटही आहे. ख्रिस्ती होण्याआधी टिळकांनी ज्या मिशनऱ्याशी टोपणनावाने पत्रव्यवहार केला होता, ते जस्टिन ॲबट. हा अमेरिकन निवृत्त होऊन मायदेशी गेला आणि उरलेलं आयुष्य त्याने मराठी संतांचं इंग्रजी भाषांतर करण्यात घालवलं. ‘भक्तविजय’ही त्यात आलं. कोण कोणाला बाटवत होतं, हा प्रश्न इथे जरा गुंतागुंतीचा होतो.

याच काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात एक वादळ येऊन गेलं. जून १९०५मध्ये तिथल्या मुली रडत, मोठमोठ्याने आपली पापं कबूल करत, रात्ररात्र प्रार्थना करू लागल्या. वेल्समध्ये आदल्या वर्षी आणि खासी टेकड्यांत त्याच वर्षी जे झालं, त्याचीच ही मराठी लाट. ख्रिस्ती लोक त्याला संजीवन म्हणतात. ही लाट दौंडच्या मुलग्यांच्या आश्रमापर्यंत पोचली. एका रात्रीत पेट घेतलेल्या अशा जागृतीची वर्णनं भरपूर छापली गेली. टिळकांची दुसरी जाग तशी नव्हती. ती बारा वर्षांनी आली आणि हळूहळू शिजून आली.

मधल्या काळात त्यांनी मराठी मंडळीला गाणं दिलं. अभंग, ओवी, पदं, भजनं. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांची गीतं सर्वांत जास्त आहेत. ‘वनवासी फूल’सारख्या कवितांनी ते ख्रिस्ती नसलेल्यांचेही झाले, फुलामुलांचे कवी म्हणून. बालकवी ठोमरे पोरवयात त्यांच्या घरी राहून गेले. १९१२पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचा मराठी विभाग ते सांभाळत. म्हणजे वरवर पाहता सगळं ठीक होतं. मानाची जागा, मिशनचा पगार, नाव.

पगार हेच शल्य होतं. खेड्यात उपदेशकाला पाठीमागे एक शब्द ऐकू येई: पोटासाठी बाटला. टिळक पोटासाठी बाटलेले नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं; पण दर महिन्याला पैसे घेऊन ख्रिस्ताचं नाव सांगणारा माणूस गोसाव्याच्या, वारकऱ्याच्या देशात खरा वाटत नाही, हे टिळकांना सर्वांहून जास्त माहीत होतं. मिशनरी आपल्याला मुलांसारखं वागवतात, मंडळीची दोरी परदेशी पैशाच्या हातात राहते, असं ते उघड लिहीत. मग पुढची पायरी त्यांनी स्वतःपासून घेतली. १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर आणि तब्येत साथ देत नसताना, मिशनची पगारी नोकरी त्यांनी सोडली आणि साताऱ्याला जाऊन राहिले, बायकोमुलांसह संन्यासी म्हणून. शास्त्राला हा संन्यास मंजूर नव्हता आणि मिशनच्या नियमांतही त्याला कलम नव्हतं. पहिल्या वेळी लक्ष्मीबाईंना मागे ठेवून ते गेले होते. या वेळी त्या बरोबर होत्या, हा फरक लहान नाही.

साताऱ्यात त्यांनी जे मांडलं त्याला नाव दिलं ‘देवाचा दरबार’. मंडळी नाही, मिशन नाही, दरबार. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, आपल्या माणसांत राहून यावा. चर्चमधल्या जुन्या माणसांना हे पचणं कठीण होतं. बाप्तिस्म्याला मग अर्थ काय उरला, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. टिळकांचं उत्तर वादातून आलं नाही, भजनातून आलं. या दोन वर्षांतले टिळक थकलेले होते, पण आधीच्या दहा वर्षांत नव्हती अशी धग त्यांच्यात होती. तरुण कवीला शोभेल अशी. गोरोबांचं थापटणं या वेळी त्यांनी स्वतःच स्वतःच्या डोक्यावर मारून घेतलं होतं, असं म्हटलं तर ते टिळकांना आवडलं असतं.

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ला मुंबईत टिळक वारले. संस्था म्हणून पाहिलं तर प्रयोग फसला, आणि तसं सरळ म्हणायला हरकत नाही. त्याची ठिणगी मात्र एका इंग्रजाने उचलली. जॅक विन्स्लो हा नगर भागात काम करणारा पाळक टिळकांच्या सहवासाने बदलला, १९२२ साली त्याने ख्रिस्त सेवा संघ काढला, खादी घातली, जमिनीवर बसून जेवू लागला, आणि दुसऱ्याच वर्षी टिळकांचं इंग्रजी चरित्र छापलं. पुण्यातल्या त्या संघात १९२७ साली ऑक्सफर्डचा एक तरुण पाळक येऊन दाखल झाला. त्याचं नाव व्हेरिअर एल्विन. तो पुढे गांधींकडे, तिथून गोंडांकडे आणि शेवटी चर्चबाहेर गेला, पण ती वेगळी गोष्ट.

टिळकांच्या कागदांत एक काम अर्धवट राहिलं होतं. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगणारं ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. ज्यांनी एकेकाळी नवऱ्याच्या बाप्तिस्म्याच्या बातमीने प्राण कंठाशी आणले होते, ज्यांना शाळा अशी कधी मिळाली नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पूर्ण केलं.